पन्नासपैकी तीन

दुपारच्या उन्हात बिअरचा रिकामा ग्लास खिडकीत राहिला की आतल्या काचेवर फेसाची कडी दिसतात. एकाखाली एक, उन्हाळ्यात विहिरीचं पाणी उतरत जाताना भिंतीवर रेघा राहतात तशी. प्रत्येक कडं म्हणजे एक घोट. ग्लास तिरपा झाला, परत सरळ झाला, आणि फेस जिथवर होता तिथे थोडा काचेला धरून राहिला. इंग्रज याला लेस म्हणतात, झालर. मला कडंच बरं वाटतं. झालर मोजता येत नाही.

फेस असा चिकटतो तो माल्टमधली, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातली, प्रथिनं आणि हॉप्स नावाच्या फुलांमधली कडू आम्लं बुडबुड्याच्या पापुद्र्यात एकमेकांना धरून बसतात म्हणून. पण काच निर्मळ हवी. तेलाचं बोट, लिपस्टिक, भांड्यांच्या साबणाचा न दिसणारा थर, यातलं काहीही फेस मारायला पुरतं. ग्लास ओला करून पालथा धरावा: पाण्याचा सलग पडदा उतरला तर ठीक, जागोजागी थेंब तुटले तर तेलकट. ओल्या काचेत मीठ भुरभुरवलं तर ते जिथे चिकटत नाही तिथे डाग आहे. आणि बिअर ओतल्यावर आतल्या भिंतीला बुडबुडे दाण्यांसारखे बसून राहिले, तर पुष्कळांना तो ताजेपणा वाटतो. तो मळ असतो. फडक्यानं पुसू नये, पालथा घालून वाळू द्यावा. फडक्याचे धागेही काचेत राहतात आणि वासही.

एवढं सगळं करून या फेसाला गुण किती? बीजेसीपी ही बिअर-परीक्षकांची अमेरिकी संस्था १९८५पासून आहे. तिच्या गुणपत्रिकेत एकूण ५० गुण. वासाला १२, चवीला २०, तोंडात कशी लागते याला ५, एकूण मत १०, आणि रंग, नितळपणा, फेस हे सगळं मिळून ३. शाळेत हस्ताक्षराला असायचे तेवढेच.

पहिल्यांदा पाहिलं की हा अन्याय वाटतो. मग लक्षात येतं की दिसण्याला जास्त गुण दिले तर परीक्षाच बिघडेल, कारण बिअरचा रंग बेलाशक खोटं बोलतो. जर्मन श्वार्झबिअर घ्या. काळीशार, पण अंगानं हलकी, अल्कोहोल ५ टक्क्यांच्या आसपास, चवीला स्वच्छ लागर, म्हणजे थंडीत सावकाश आंबवलेली बिअर. तिच्याशेजारी बेल्जियन ट्रिपेल ठेवा. सोनेरी, निष्पाप दिसणारी, आणि अल्कोहोल ८ ते ९ टक्के. काळी ती जड आणि पिवळी ती हलकी, असं समजून ग्लास मांडले की मांडणी इथेच फसते. बिअर काळी व्हायला धान्यातला सगळा माल्ट भाजावा लागत नाही. शंभरातले पाच-सात भाग जव चांगला काळा होईपर्यंत भाजलेला असला की पुरतो. बाकीचं सगळं फिकटच असतं.

म्हणून मांडणी रंगानं नको, जोरानं करावी. आधी कमी कडू, कमी अल्कोहोलची, मग हॉप्सवाल्या, मग भाजक्या आणि जड. हॉप्सनं भरलेली कडू आयपीए आधी प्यायली आणि मग हलकी सोनेरी पिल्सनर, तर पिल्सनर साखर घातलेल्या पाण्यासारखी लागते, आणि दोष उगाच तिच्या कपाळी जातो. आंबट बिअर कुठे ठेवायची यावर जाणकारांत एकमत नाही. मी ती शेवटी ठेवीन, कारण आंबटानंतर पुढची प्रत्येक बिअर मिळमिळीत लागते. एका बैठकीला पाच, फार तर सहा. प्रत्येकी ७५ मिलिलिटर, दोन-अडीचशे मिलिलिटरच्या पोटाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळत्या ग्लासात, म्हणजे वरची रिकामी जागा वासाला राहते. काठोकाठ भरलेल्या ग्लासात नाक घालता येत नाही, आणि १२ गुण तर नाकाचेच आहेत.

आणि थंडपणा. फ्रिजमधून काढल्या काढल्या, ३-४ अंशांवर, कुठलीही बिअर चांगलीच लागते. गारठ्यात जिभेला काही कळत नसतं. पिल्सनर ५ ते ७ अंश सेल्सिअस, पेल एल ८ ते १०, काळी, जड स्टाउट १२-१३. स्टाउट लवकर बाहेर काढून ठेवायची आणि तळहातात धरून बसायचं. पहिल्या घोटाला नुसती कडू कॉफी, वीस मिनिटांनी त्यातून मनुका, काकवी, जुनं लाकूड असं एकेक बाहेर येतं. ज्या बिअरमध्ये लपवण्यासारखं काही असतं तीही याच वीस मिनिटांत उघडी पडते.

आता खरा मुद्दा. लोक तुलना करायला बसतात तेव्हा एक पिल्सनर, एक स्टाउट, एक गव्हाची आणि एक आंबट घेतात. मजा येते, पण तुलना होत नाही. सतार, ढोल आणि बासरी एकापाठोपाठ ऐकून कोण सुरात आहे ते ठरवण्यासारखं आहे ते. तुलना शेजाऱ्यांची करावी.

चेक पिल्सनर आणि जर्मन पिल्स शेजारी ठेवा. घराणं एकच. १८४२ साली आजच्या चेक देशातल्या पिल्झेन गावच्या लोकांनी खराब बिअरला कंटाळून नवी भट्टी बांधली, जर्मनांच्या बव्हेरियाहून योजेफ ग्रोल नावाचा बिअर करणारा बोलावला, आणि त्यानं तिथलं अतिशय मऊ पाणी, फिकट माल्ट, जवळचेच झाटेक गावचे हॉप्स आणि थंडीत काम करणारं लागर यीस्ट वापरून पहिली सोनेरी पिल्सनर काढली. जर्मनांनी ती उचलली आणि आपल्या पाण्यावर, आपल्या शिस्तीत केली. आज कडवटपणाच्या मापात, म्हणजे आयबीयूत, चेक साधारण ३० ते ४५ आणि जर्मन २२ ते ४०. आकड्यानं चेक जास्त कडू. पिऊन बघा: जर्मन जास्त कडू लागते.

घोटाळा शेवटच्या घनतेत आहे. पाण्याची घनता १ धरली तर आंबवणं संपल्यावर चेक बिअरची घनता १.०१३ ते १.०१७ राहते, जर्मनची १.००८ ते १.०१३. म्हणजे चेकमध्ये यीस्टनं न खाल्लेली माल्टची साखर जास्त उरते, आणि ती कडवटपणाच्या अंगावर पांघरूण घालते. जर्मनमध्ये पांघरूण नाही. कडूपणा सरळ अंगावर येतो, कोरडा, घशाशी रेंगाळणारा. हे एकदा जिभेला कळलं की बाटलीवरचा आयबीयूचा आकडा वाचून बिअर निवडायची सवय सुटते. स्टाउटशी तुलना करून हे जन्मात कळलं नसतं.

शैलींची ही घराणी आज आपण सहज तोंडावर घेतो. ती वाचकांत रुजवण्याचं मोठं काम मायकल जॅक्सन (१९४२–२००७) या इंग्रज पत्रकारानं केलं. होय, तेच नाव. नाचाशी संबंध नाही.

चाखताना अडचण येते ती शब्दांची, असं म्हणतात. मला हे पटत नाही. इंग्रजीत चवींची नावं चक्रासारखी मांडलेला तक्ता आहे, खरंय, पण मराठीत नुसते 'ट' नं संपणारे शब्द घेतले तरी बिअरचे निम्मे दोष लिहून होतात. कुबट: हवा लागून जुनी झालेली बिअर, ओल्या पुठ्ठ्याचा वास. खवट: उघड्यावर पडून शिळे झालेले हॉप्स. तुरट: माल्टचा चोथा ७७ अंशांहून जास्त गरम पाण्यानं धुतला, पाण्याची आम्लता घसरलेली होती, आणि टरफलातलं टॅनिन उतरलं. करपट: भाजक्या जवाचा हात सैल सुटला. धुरकट हा दोषही असू शकतो आणि दागिनाही. जर्मनीतल्या बांबेर्ग गावात बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या धुरावर माल्ट वाळवतात आणि ती बिअर मुद्दाम प्यायला लोक जातात. कडू आणि कडवट यांतला फरक तर भाषांतर करून सांगताच येणार नाही. चांगली आयपीए कडू असते. वाईट आयपीए कडवट असते.

आणि ओशट. हा माझा आवडता. घोट घेतला, गिळला, आणि जिभेवर लोण्याचा हात फिरल्यासारखं राहिलं, तर ते डायअसेटिल, लोण्याच्या वासाचं रसायन. आंबताना यीस्ट आधी त्याचं बीज बाहेर टाकतं आणि शेवटी डायअसेटिल स्वतःच परत खातं; आपण घाई करून बिअर आधीच गार केली की यीस्ट झोपतं आणि लोणी राहतं. घरी बिअर करणारे इथेच सगळ्यात जास्त फसतात, कारण बाटलीत भरताना वास नसतो आणि तीन आठवड्यांनी येतो. तपासणी अगदी सोपी आहे. दोन ग्लासांत थोडी थोडी बिअर घ्यावी, दोन्ही झाकावेत. एक ६०-६५ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवावा, दुसरा तसाच. मग गरम केलेला निववून दोन्हींचा वास घ्यावा. गरम केलेल्यात लोणी आलं तर बीज अजून शिल्लक आहे. लागर असेल तर तापमान १६-१८ अंशांवर नेऊन दोन-तीन दिवस थांबावं, पुन्हा तपासावं. बाटलीबंद केलेल्याला मात्र इलाज नाही.

उन्हाचा दोष वेगळा, त्यात बिअर करणाऱ्याचा काही हात नसतो. प्रकाश हॉप्सच्या कडू द्रव्यावर पडतो आणि गंधकाचं एक संयुग तयार होतं; स्कंक नावाचा प्राणी जो फवारा सोडतो त्याच्याच जातकुळीतलं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. तपकिरी काच बरंचसं अडवते, हिरवी थोडंसं, पांढरी जवळजवळ काहीच नाही. भर उन्हात ग्लास ठेवला तर काही मिनिटं पुरतात. मुद्दाम करून पाहण्यासारखं आहे: एकाच बाटलीतले दोन ग्लास, एक उन्हात, एक कपाटात, आणि पाव तासानं वास.

आपल्या जिभेवर फार विश्वास बसला असेल तर त्रिकोणी चाचणी घ्यावी. तीन ग्लास, दोघांत एकच बिअर, तिसऱ्यात तिची शेजारीण. ग्लासाखाली कुणीतरी दुसऱ्यानं तीन आकडी खुणा लिहायच्या, खोलीतला दिवा मंद करायचा, आणि वेगळा कोणता ते सांगायचं. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तिनात एकदा बरोबर येणारच. म्हणून सहा फेऱ्या केल्या तर पाच बरोबर यायला हव्यात, चार आल्या तर नशिबाचा वाटा धरावा लागतो. प्रत्येक ग्लासात ३० मिलिलिटर, तीन फेऱ्या आज आणि तीन उद्या; सहाही एकदम केल्या तर शेवटच्या दोन फेऱ्यांत जीभ नाही, अंदाज बोलतो. थोड्याशा नमुन्यांवरून किती खात्रीनं बोलावं याचं गणित मांडणारा माणूस बिअरच्या कारखान्यातलाच, हे मला फार योग्य वाटतं. विल्यम गॉसेट, डब्लिनच्या गिनेसमध्ये नोकरीला. १९०८ साली त्यानं ते गणित 'स्टुडंट' या टोपणनावानं छापलं. टोपणनाव घ्यावं लागलं ते कारखान्याच्या नियमामुळे.

या चाचणीत बहुतेकांचा पहिला पराभव होतो. ज्या दोन बिअरवर तासभर तावातावानं बोलणं झालेलं असतं, त्याच वेगळ्या ओळखता येत नाहीत. मग लोक ग्लासाला दोष देतात, पुढे थंडपणाला. खरं तर पाण्याचा घोट घ्यायला विसरलेले असतात.

खिडकीतले ग्लास अजून धुवायचे आहेत. पाच आहेत, ओळीनं. पहिल्यात पिल्सनर होती, पाच कडी, बोटाच्या पेराइतक्या अंतरावरही नाहीत. कुणीतरी फार विचार करून घोट घेतलेत. दुसऱ्यात चार. तिसऱ्यात तीन, त्यातलं एक अर्धवट. पाचव्यात, जिच्यात जड स्टाउट होती, काठाजवळ एकच कडं आणि खाली थेट तळ. अल्कोहोल जास्त असलं की फेस लवकर मरतो, हे कारण सांगता येईल. पण वहीत पिल्सनरला बारा ओळी आहेत, आणि स्टाउटपुढे नुसतं 'छान'.