गुरुवारची झोप

काकूंनी यादी आधीच करून ठेवली होती. गुरुवारी दुपारी दोन ते सहा दीर घर सांभाळणार, म्हणून त्या वेळात पासबुक भरणं, गॅसची केवायसी, रक्ताचे रिपोर्ट आणि दळण. मी म्हटलं, "काकू, यात सुट्टी कुठंय?"

साताऱ्यातलं घर. काका एसटीतले निवृत्त कंडक्टर, स्मृतिभ्रंश बराच पुढे गेलेला. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा बहुतेकांचं सगळं घरातलंच कुणीतरी करतं, आणि ते 'कुणीतरी' बहुधा बाईच असते. या बायकांना मोकळा वेळ मिळवून देणं हे माझं काम. वेळ मिळतोही, पण त्यात काय करायचं हे ठरलेलं नसलं की तो बाहेरची कामं उरकण्यात जातो आणि बाई जास्तच दमून परत येते.

यादीतली कामं मी दिरांच्या नावावर टाकली. ते दर रविवारी मोसंबी घेऊन यायचे, अर्धा तास बसून जायचे. मग काकूंना विचारलं, तुम्हाला काय हवंय? बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "झोप. पण या घरात नको. इथे कान त्यांच्याकडेच असतो." शेजारच्या ताईंची मागची खोली ठरली. "नवऱ्याला टाकून दुसऱ्याकडे झोपायला जाते" असं नणंद म्हणालीच. तिला मी रविवारची पाळी देऊ केली, त्यानंतर तिचा फोन आला नाही.

एका कागदावर काकूंनी सांगितलेलं सगळं उतरवलं. चहा कोमट द्यायचा. खाताना ताठ बसवायचं, खाल्ल्यावर लगेच आडवं करायचं नाही. संडासाची कडी बाहेरून सैल ठेवायची. काकूंना फोन तीनच कारणांसाठी: पडले, घास अडकला, ताप चढला.

पहिल्या गुरुवारी मी तिथेच थांबले. पाचपर्यंत सगळं निवांत होतं. या आजारात दिवस कलला की घालमेल वाढते, तशी ती वाढली. काका उठून चप्पल शोधू लागले. "स्वारगेटची गाडी लागली असेल."

"दादा, तू रिटायर होऊन किती वर्षं झाली!" दीर म्हणाले. झालं. काकांनी त्यांना ढकललं आणि दाराशी गेले. दिरांचा हात खिशातल्या फोनकडे गेला. मी त्यांच्यापुढे कागद धरला. तिथे काकूंचं वाक्य होतं: 'ड्यूटीवर जायचं म्हणाले तर नाही म्हणू नका. कंट्रोलरचा फोन यायचाय म्हणा.'

दिरांनी चाचरत ते म्हटलं. काका थबकले. "गाडी लेट आहे का?"

"लेट आहे, दादा."

"मग चहा टाक."

दिरांना खोटं बोलणं पटलं नव्हतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. वाद घातला असता तर दादा दोनदा हरला असता, असं मी नंतर त्यांना सांगितलं.

सहा वाजून गेले तरी काकू आल्या नाहीत. ताईंनी खिडकीतूनच खूण केली, झोपल्यात. मी उठवू दिलं नाही. सातच्या सुमारास त्या आल्या, गालावर उशीच्या वळ्या. आल्या आल्या विचारलं, "गोळी दिली?"

"दिली, वहिनी. गुरुवार मी धरतो. आंघोळीचं मात्र मला जमणार नाही."

"आंघोळ सकाळी मीच घालते," काकू म्हणाल्या. "तुम्ही सहाच्या ऐवजी सातपर्यंत थांबा."