तळतळाट आणि वर्षासन

आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या खेड्यांत जमीनदाराचा वाडा कशाने बसला, याची उत्तरं ठरलेली असतात. एका रात्रीत पत्त्यांवर जमीन गेली. घराबाहेर काढलेल्या विधवेचा तळतळाट लागला. कावळ्यांनी वाड्याची झाडं सोडली, तेव्हाच जाणत्यांनी ओळखलं. १९३७ ते १९३९ मध्ये तिथल्या लोककथा आयोगाने शाळकरी मुलांकडून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी वह्यांत उतरवून घेतल्या. जमीनदार हाही त्यातला एक विषय होता. अशा आठवणींत तळतळाट सहज भेटतो, गहाणखत शोधावं लागतं.

वाडा बसायचा तो हिशेबात. समजा, खंडाचे वर्षाला ३,००० पौंड येतात. आईचं वर्षासन ४००. बहिणींची लग्नं आणि धाकट्या भावांचे वाटे मिळून १०,००० कबूल केलेले. रोकड नाही म्हणून तो जमिनीवर बोजा, ५ टक्क्यांनी व्याज ५००. आजोबांनी हौसेने बांधलेल्या वाड्याचं कर्ज २०,०००, त्याचे १,०००. हाती उरले १,१००, आणि तेही सगळ्या कुळांनी वेळेवर खंड भरला तर. १८४५ पासून रोगाने बटाटा कुजत गेला, दुष्काळ पडला आणि खंड तुंबला. व्याज कुठे तुंबतं? त्यात ४ पौंड किंवा त्याखालच्या मूल्यांकनाच्या जमिनीवरचा गरीब-कर, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठीची पट्टी, जमीनदाराने भरायचा, असा कायदा. म्हणजे लहान कुळाचं घर पाडलं की कर वाचला. विधवेचा तळतळाट कित्येकदा या ४ पौंडांपाशी सुरू होतो, तेव्हा गाव अगदीच चुकीचं बोलत नाही. १८४९ मध्ये कर्जात बुडालेल्या जमिनी विकायला खास न्यायालयच काढावं लागलं.

मेयो परगण्यातल्या मूर हॉलची गोष्ट थोडी वेगळी. स्पेनमधल्या अलिकांतेच्या दारू-व्यापारात कमावलेल्या पैशांवर १७९० च्या दशकात कॅरा सरोवराकाठच्या टेकडीवर तो उभा राहिला. टेकडीच अशुभ, असं गाव सांगतं. पण दुष्काळातल्या जॉर्ज हेन्री मूरबद्दल बोलताना सूर बदलतो: १८४६ च्या चेस्टर कपात त्याचा कोरॅना घोडा जिंकला आणि त्या पैशांतून कुळांना धान्य मिळालं. घोड्याचं नावसुद्धा राहिलंय. १ फेब्रुवारी १९२३ ला यादवी युद्धात नव्या सरकारच्या विरोधकांनी वाडा जाळला, कारण घराण्यातले कर्नल मॉरिस मूर त्या सरकारच्या सिनेटमध्ये होते. धान्याचं पुण्य काही आडवं आलं नाही.

जे वाडे जळले नाहीत तेही फारसे टिकले नाहीत. १९०३ च्या विंडम जमीन-कायद्याने सरकारी कर्जावर कुळांनी जमिनी घेतल्या, जमीनदाराला किमतीवर १२ टक्के बक्षिसी मिळाली. हातात रोकड आली आणि चाळीस खोल्यांच्या मागची शेतं गेली. घरपट्टी मात्र छपराखालच्या घरावर लागायची. छप्पर उतरवलं की सुटका. मग लिलाव. आधी पन्हळींतलं शिसं निघे, कारण त्याला भाव चांगला. मग स्लेटच्या फरश्या, शेवटी जिन्याचं लाकूड आणि शेकोट्यांचे संगमरवर. शिसं गेलं की पाणी थेट भिंतीत रुतलेल्या तुळयांच्या टोकांत मुरतं. टोकं कुजली की मजले एकावर एक बसतात, बाहेरच्या भिंती तेवढ्या उभ्या राहतात. हे छप्पर बहुधा मालक किंवा नवा खरेदीदारच उतरवायचा, तेही दिवसाढवळ्या, मजुरी देऊन.