आजच्यापुरती भाकर

"रोज तेच ते करून तुम्हांला कंटाळा येत नाही का हो?" हा प्रश्न मला विचारणाऱ्यांपैकी निम्मे लोक त्या वेळी माझ्यासमोरच्या खुर्चीवर हाताला दोन सुया लावून चार तास बसलेले असतात आणि उरलेले मला रविवारी उपासनेनंतर अंगणात भेटतात. मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, लोक या प्रश्नाला एक शेपूट जोडतात: विश्वास ठेवणाऱ्या माणसाला अशा एकसुरी कामात देवाचा हेतू कुठे दिसतो? खुर्चीपाशी उभ्याउभ्या याचे धड उत्तर देता येत नाही आणि अंगणात चहा निवतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

मी नगरमध्ये एका रुग्णालयात गेली 19 वर्षे डायलिसिस तंत्रज्ञ आहे, म्हणजे मूत्रपिंडे निकामी झालेल्यांचे रक्त यंत्रातून गाळून देतो. सकाळी पहिल्या पाळीचे रुग्ण येण्याआधी मशीन तपासायचे, डायलायझर (रक्त गाळणारी जाळी) आणि नळ्या सलाईनने भरून त्यांतली हवा काढायची, रुग्णाचे वजन करायचे, रक्तदाब पाहायचा, फिस्टुलावर (हातातली धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेवर) बोट ठेवून आतली थरथर जाणवते का ते पाहायचे, दोन सुया लावायच्या आणि मशीन सुरू करायचे. चार तासांनी हेच सगळे उलट्या क्रमाने. एका वेळेला मशीनमधून सुमारे 120 लिटर द्रावण वाहून जाते आणि शरीरातले पाचेक लिटर रक्त पुन्हा पुन्हा, साधारण चौदा वेळा, त्याच जाळीतून फिरून येते. संध्याकाळी घरी जाताना मी कोणालाही बरे केलेले नसते. शल्यविशारदाला निदान टाके काढण्याचा दिवस दिसतो. आमच्याकडचा माणूस आज हलका होऊन जातो आणि परवा पुन्हा सुजलेल्या पायांनी परत येतो. आठवड्यातून तीन वेळा, म्हणजे वर्षाला 156 वेळा.

तर प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे: कंटाळा येतो. श्रद्धेने कंटाळा नाहीसा होतो असे सांगणाऱ्या साक्षी मी मंडळीत ऐकल्या आहेत आणि त्या देणाऱ्यांचा मला थोडा हेवा वाटतो, पण माझा अनुभव तसा नाही. दुपारच्या पाळीत, अडीच-तीनच्या सुमाराला, सगळे रुग्ण डोळे मिटून पडलेले असताना आणि मशीनची घरघर तेवढी चालू असताना, भिंतीवरच्या घड्याळाचा काटा हलतच नाही असे मला कितीदा तरी वाटले आहे. चौथ्या शतकात मिसरच्या (इजिप्तच्या) वाळवंटात राहणाऱ्या इवाग्रियस नावाच्या संन्याशाने नेमके हेच लिहून ठेवले आहे, हे पुढे कधीतरी वाचनात आले तेव्हा मला मोठा दिलासा मिळाला. दुपारच्या वेळी एक दुरात्मा साधूला गाठतो, मग सूर्य जागचा हलेनासा होतो, दिवस पन्नास तासांचा वाटू लागतो आणि आपली खोली, आपले काम, आपले सोबती या सगळ्यांचा वीट येतो, असे त्याने म्हटले आहे. बायबलातल्या स्तोत्रसंहितेच्या 91 व्या स्तोत्रात भर दुपारी घाला घालणाऱ्या अरिष्टाचा उल्लेख आहे. त्या जुन्या साधूंनी त्याचा संबंध या विटाशी जोडला होता. तेव्हा आपला कंटाळा म्हणजे अविश्वास, ही भीती मी सोडून दिली. माझ्याहून कितीतरी अधिक प्रार्थना करणाऱ्यांनाही दुपार जड गेली होती.

दुसऱ्या भागाचे उत्तर मला येशूने शिकवलेल्या एका प्रार्थनेत सापडले, जी मी लहानपणापासून अक्षरशः न ऐकता म्हणत आलो होतो. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे." मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, येथे भाकर हा शब्द आहे, आणि आमच्या ज्वारीच्या मुलुखात त्या शब्दाला जो वास आणि जी ऊब आहे ती दुसऱ्या कुठल्याही शब्दाला आली नसती. आई रोज पहाटे परातीत पीठ मळून भाकरी थापायची. रविवारी आठवड्याच्या भाकरी एकदम करून ठेवाव्यात असे तिच्या कधी मनातही आले नाही, कारण तिसऱ्या दिवसाच्या भाकरीचे काय होते हे कोणालाही ठाऊक आहे. मूळ ग्रीकमध्ये "रोजची" या जागी जो शब्द आहे तो इतका दुर्मीळ आहे की त्याच्या अर्थावर विद्वान अजून वाद घालतात: काहींच्या मते तो आजच्या दिवसाला लागू पडतो, काहींच्या मते उद्याच्या, तर काहींच्या मते त्याचा अर्थ "जगण्यापुरती" असा आहे. माझ्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांना तिन्ही अर्थ एकदमच लागू पडतात, त्यामुळे तो वाद मी विद्वानांवर सोपवला आहे.

या प्रार्थनेच्या मागे बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या 16 व्या अध्यायातली मान्न्याची, म्हणजे देवाने रानात दिलेल्या अन्नाची, गोष्ट उभी आहे. रानात भुकेल्या इस्राएल लोकांना रोज सकाळी दवाबरोबर मान्ना मिळे, माणशी एक ओमर (एक जुने माप), त्या दिवसापुरता. कोणी उद्यासाठी राखून ठेवला तर त्यात किडे पडत. असे चाळीस वर्षे चालले. शाब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या वर्गात, आम्हांला हे आश्चर्य म्हणून शिकवले गेले, पण गणना या पुस्तकाच्या 11 व्या अध्यायात लोक त्याच मान्न्याला कंटाळून रडतात ते मात्र घाईघाईने उरकले गेले. मिसरात फुकट खाल्लेले मासे, काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण त्यांना आठवतात आणि डोळ्यांपुढे मान्न्याखेरीज दुसरे काहीच नाही म्हणून ते कुरकुरतात. मला हे लोक फार जवळचे वाटतात. केळी आणि नारळपाणी वर्ज्य असलेला, दिवसाचे पाणी पेल्याने मोजून पिणारा माझा रुग्ण जेव्हा शेजारच्या खुर्चीला कोळंबीच्या रश्शाचे वर्णन ऐकवतो, तेव्हा गणनेचा तो अध्याय माझ्यासमोर घडत असतो. फरक एवढाच की सहाव्या दिवशी मान्ना दुप्पट मिळे आणि शाब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, सोय होई. आमच्याकडे शनिवारी दुप्पट डायलिसिस करता येत नाही, म्हणून रविवार मध्ये आल्याने पडणारा मोठा खंड रुग्णाला जड जातो आणि शनिवारवाले मंगळवारी जास्त पाणी घेऊन येतात.

आता एक गोष्ट माझ्या धंद्यातली, जी मंडळीत सांगितली की लोकांना थोडी कोरडी वाटते. विलेम कोल्फ या डच डॉक्टरांनी 1943 साली, जर्मनांच्या ताब्यात असलेल्या हॉलंडमध्ये, सॉसेजचे आवरण म्हणून वापरल्या जाणाऱ्या सेलोफेनच्या नळीतून रक्त फिरवून कृत्रिम मूत्रपिंड चालवून दाखवले. पण ते वारंवार वापरणे शक्य नव्हते, कारण दर खेपेला नवी रक्तवाहिनी उघडावी लागे आणि थोड्याच खेपांत वाहिन्या संपत. ज्याची मूत्रपिंडे कायमची गेली त्याला यंत्र समोर असूनही मरावे लागे. 1960 साली अमेरिकेत सिअॅटलमध्ये डॉक्टर बेल्डिंग स्क्रिबनर यांनी टेफ्लॉनची एक वाकडी नळी हातात कायमची बसवली, आणि पहिला रुग्ण क्लाइड शील्ड्स त्यानंतर अकरा वर्षे जगला. यंत्र तर आधीच होते. स्क्रिबनरांनी भर घातली ती "पुन्हा" या एका शब्दाची. ज्या "पुन्हा"चा मला दुपारी तीन वाजता वीट येतो, त्याच्यासाठी सतरा वर्षे माणसे तळमळत मेली. हे समजल्यापासून "आज आम्हांला दे" म्हणताना उद्या हीच प्रार्थना परत म्हणावी लागणार आहे याची मला खंत वाटेनाशी झाली.

अर्थात समजणे वेगळे आणि हात तसे चालणे वेगळे. काही वर्षांपूर्वीच्या एका थंडीत, पहाटेच्या पाळीला, एका वृद्ध शिक्षकांचे वजन मी स्वेटर आणि जाड शालीसकट केले आणि सवयीने आकडा लिहून मोकळा झालो. मशीनने माझ्यावर विश्वास ठेवून लोकरीच्या वजनाइतके पाणी त्यांच्या अंगातून जादा काढले. तिसऱ्या तासाला त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले, रक्तदाब उतरला, आणि मी सलाईन सोडून त्यांचे पाय चोळत बसलो. ते सावरले आणि मलाच धीर देऊ लागले. त्या रात्री प्रार्थनेत मी फार बोललो नाही. जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, असे प्रेषित पौलाने कलस्सैकरांना पत्रात लिहिले आहे. आमच्या घरच्या भिंतीवर ते वचन चौकटीत लावलेले आहे. वजनकाट्यावरच्या शालीपर्यंत ते पोहोचायला मला बारा-तेरा वर्षे लागली.

याच शिक्षकांच्या शेजारच्या खुर्चीवर तुळशीची माळ घातलेले एक वारकरी बसत. कंटाळ्याचा प्रश्न मला एकदा कोणीतरी विचारला तेव्हा माझ्या आधी तेच बोलले: "आम्ही दर आषाढीला त्याच वाटेने जातो आणि तेच अभंग म्हणतो. विठोबा कंटाळला असे अजून तरी ऐकले नाही." मी हसलो आणि माझे उत्तर गिळले, कारण ते त्यांच्याहून बरे नव्हते.

शिक्षक गेल्या पौषात, एका रविवारी, झोपेतच गेले. इतकी वर्षे परवाचा दिवस मिळत गेला आणि एके दिवशी मिळाला नाही, याचे स्पष्टीकरण माझ्यापाशी नाही आणि अंत्यविधीच्या वेळी मी ते द्यायचा प्रयत्नही केला नाही. मंगळवारी सकाळी त्यांच्या खुर्चीवर एक नवा तरुण रुग्ण होता, घाबरलेला, मफलर आणि जाड जॅकेट घालून आलेला. मी त्याला काट्यापाशी नेले आणि दोन्ही काढून बाजूला ठेवायला सांगितले.