रद्दी, चपला आणि हत्तीण

श्रावण लागला की आमच्याकडे घर आवरायची टूम निघते, आणि आवरायची म्हणजे आधी रद्दी. जिन्याखालच्या कोनाड्यात मे महिन्यापासूनचे पेपर साठलेले. रद्दीवाले काका दुपारी येतो म्हणाले म्हणून मी सकाळीच चहाचा कप घेऊन बसले, नुसतं गठ्ठे बांधायचे होते. पण पेपरचा गठ्ठा बांधताना तो न वाचणारा माणूस मला अजून भेटायचाय. दोन तास गेले, सुतळी तशीच, चहा गार. म्हटलं आता वाचलंच आहे तर लिहूनच टाकू.

सगळ्यात खालचा मे २०२५ चा. २६ मेला मुंबईत पाऊस आला, म्हणजे नुसता आला नाही, मोसमी पाऊस म्हणून अधिकृत आला, आधीचा रेकॉर्ड २९ मे १९५६ चा होता तो मोडला. आणि भुयारी मेट्रोचं आचार्य अत्रे चौक स्टेशन, जे सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते, ते पाण्यात. दुसरं कुठलं तरी स्टेशन बुडायला हवं होतं हो, पण नाही, अत्र्यांचंच. 'गेल्या दहा हजार वर्षांत असं स्टेशन बुडालं नाही' हे वाक्य त्या दिवशी अर्ध्या महाराष्ट्राने एकाच वेळी टाइप केलं असणार. मीपण केलं. बारा लाइक.

मग जून आणि चपला. २२ जूनला मिलानमध्ये प्राडाच्या शोमध्ये पोरं कोल्हापुरी घालून रॅम्पवर चालली, आणि खाली लिहिलंय काय तर लेदर सँडल्स. बास, इतकंच. कोल्हापूर नाही, भारत नाही, काही नाही. किंमत लाखाच्या वर असेल अशा बातम्या आल्या आणि आमच्या माहेरच्या ग्रुपवर जे पेटलं ते दोन दिवस विझेना. (माहेर जयसिंगपूर, सासर पुणे, मराठी दोन्हीकडे वेगळी आणि शिव्यापण.) २०१९ ला कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, त्यात आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत, हे मला प्राडामुळे कळलं. जन्म त्याच भागात काढून. नंतर महाराष्ट्र चेंबरवाल्यांनी, म्हणजे व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेने, प्राडाला पत्र लिहिलं, प्राडाने मान्य केलं की बाबा हो, प्रेरणा तिकडचीच, आणि जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊनही गेली.

आता खरं सांगते. मागच्या दिवाळीत मी आणि बाबा कोल्हापूरला चप्पल लाईनला गेलो होतो. बाबांना कापशी हवी होती, त्यांचं दुसऱ्या कशावर भागत नाही. दुकानातल्या मामांनी बाराशे सांगितले. बाबांनी चप्पल उलटी केली, तळ वाजवून बघितला, शिलाईवर नख फिरवलं, वास घेतला, मग ती अशी लांब धरून बघितली जशी काही ती त्यांचा अपमान करून आली आहे, आणि म्हणाले आठशे. मामा म्हणाले अहो चामडं काय भावानं झालंय, एक जोड करायला किती दिवस जातात, हाताचं काम आहे सगळं. बाबा म्हणाले ते खरं हो, पण आठशे. उठून दोन पावलं चाललेपण. शेवटी नऊशेला झालं आणि बाबा बसमध्ये बसेपर्यंत खूश. घरी आणून एरंडेल लावलं, पहिले चार दिवस चावली, मग बसली. तेच बाबा जूनमध्ये फोनवर मला म्हणतात, "कारागिराच्या हातात काय पडतंय सांग की, सगळा मलिदा त्या इटलीवाल्याला." बाबा, आपण तीनशे रुपये कमी केले होते. "ते वेगळं," म्हणाले. वेगळंच आहे म्हणा.

जूनच्या शेवटचे पेपर सगळे हिंदीचे. १६ एप्रिलला जीआर आला की पहिलीपासून हिंदी सक्तीची, बोंब झाली, मग १७ जूनला सुधारित जीआर आला, त्यात सक्ती हा शब्द नाही, पण हिंदी ही 'सर्वसाधारणपणे' तिसरी भाषा असेल आणि दुसरी कुठली हवी असेल तर वर्गात निदान वीस पोरं पाहिजेत. काय शब्द आहे हो, सर्वसाधारणपणे! सरकारी मराठीचं सगळं सौंदर्य त्यात आहे. आमच्या घरात तो तेव्हापासून रुळलाय. भांडी कोण घासणार तर सर्वसाधारणपणे मी, नवऱ्याला पर्याय निवडायचा असेल तर घरात वीस माणसं जमवा. शेवटी २९ जूनला दोन्ही जीआर मागे, नरेंद्र जाधवांची समिती, आणि ५ जुलैला वरळीला दोघे ठाकरे भाऊ वीसेक वर्षांनी एका स्टेजवर. राज म्हणाले की जे बाळासाहेबांना जमलं नाही ते फडणवीसांनी केलं, आम्हाला एकत्र आणलं. टाळ्या आमच्या हॉलमध्येपण पडल्या, नवरा आणि सासूबाई एकाच गोष्टीला टाळ्या वाजवतात हेही वीस वर्षांत पहिल्यांदाच.

आमचं कार्टं पहिलीत आहे. इंग्लिश मीडियम. हो, माहितेय. शाळेच्या आयांच्या ग्रुपवर मराठी वाचवण्याची चर्चा रात्री साडेअकरापर्यंत चालली, पूर्ण इंग्लिशमध्ये, एकीने शेवटी 'प्राउड मराठी मुलगी' असं स्टिकर टाकलं आणि सगळ्या झोपल्या. सकाळी पोरगा म्हणतो, आई माझा मराठीचा होमवर्क इनकम्प्लीट आहे, 'ळ' कसा ड्रॉ करतात? अभिजात दर्जा मिळून वर्ष व्हायला आलं आणि आमच्याकडे 'ळ' अजून ड्रॉ करतात.

जुलैचा गठ्ठा सगळ्यात जाड. आमदार निवासाच्या कँटीनमध्ये डाळ शिळी होती म्हणून आमदारांनी कर्मचाऱ्याला मारलं, ते टॉवेल-बनियनवर, व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. डाळ शिळी असेलही, पण ज्याने वाढली त्याला ठोसे कशाला? आमच्या ऑफिसच्या कँटीनच्या डाळीबद्दल मी काही लिहीत नाही, तिथे मला रोज जेवायचंय. मग तेव्हाचे कृषिमंत्री कोकाटेसाहेब यांचा मोबाईल. विधान परिषदेत बसून रमीचा व्हिडिओ, ते म्हणाले मी खेळत नव्हतो, मध्येच आलं ते बंद करत होतो. महिनाअखेरीला कृषिखातं काढून घेतलं आणि दिलं काय, तर क्रीडा. यावरचे सगळे विनोद झालेत, मी नवीन घालणार नाही, मला फक्त तो शेतकरी डोळ्यासमोर येतो ज्याला मे महिन्यातल्या पावसाने कांदा भिजवून दिला आणि बांधावर बसून त्याने पत्त्यांचा तो व्हिडिओ बघितला असेल.

११ जुलैला बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. अकरा आपले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. ग्रुपवर लगेच एकाने विचारलं जिंजी कसा काय. अरे बाबा, १६८९ ला राजाराम महाराज पन्हाळ्यावरून निघून तिकडे पोचले आणि मुघल तिथे वर्षानुवर्षं वेढा घालून बसले, शाळेत होतं हे, पण आपण तेव्हा पन्हाळ्याच्या सहलीत झुणका-भाकर आणि मातीच्या वाटीतलं दही एवढंच लक्षात ठेवलं. त्या सहलीत आमच्या वर्गातल्या एकाने खिळ्याने भिंतीवर स्वतःचं नाव आणि बदाम कोरला होता. बदामाच्या दुसऱ्या बाजूचं नाव लिहीत नाही, दोघांची लग्नं झालीत, वेगवेगळ्या ठिकाणी. नाव अजून तिथे असेल तर पोरगा आता जागतिक वारसा आहे.

आणि २८ जुलै. या तारखेला मी थांबले खरी. त्या दिवशी नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीला कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवलं, महिला विश्वचषक जिंकणारी पहिली भारतीय, १९ वर्षांची, आणि त्याच डावात ग्रँडमास्टरपण झाली, भारताची ८८ वी. जिंकल्यावर आईच्या गळ्यात पडून रडली. मी ऑफिसात फोनवर बघत होते, माझ्यापण डोळ्यात पाणी, शेजारचा म्हणाला मॅडम सगळं ठीक ना.

त्याच रात्री तिकडे नांदणीहून हत्तीण नेली, गुजरातला, वनतारा नावाच्या प्राण्यांच्या केंद्रात. महादेवी. वनतारावाले माधुरी म्हणतात, आम्हाला महादेवीच. नांदणी आमच्या जयसिंगपूरहून हाकेवर, जैन मठ, ही १९९२ पासून तिथे. पेटा या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेने तक्रार केली होती, हायकोर्टाने १६ जुलैला न्या म्हणून सांगितलं, सुप्रीम कोर्टातही मठाचं काही चाललं नाही, आणि गाडी आली. रस्त्यावर माणसंच माणसं, बायका रडतायत, पुढे दगडफेकपण झाली. बाबांनी व्हिडिओ पाठवला, त्यात काहीच दिसत नाही, अंधार आणि कुणाचा तरी खांदा, पण आवाज ऐकवत नाही.

लहानपणी आजी आम्हाला न्यायची. चार आण्याचं नाणं हातावर धरायचं, सोंड यायची, तिचं टोक ओलं आणि केसाळ, गरम वाफ यायची हातावर आणि नाणं कधी गेलं ते कळायचंच नाही. मग सोंड डोक्यावर. त्यात वजन काहीच नसायचं, नुसतं टेकल्यासारखं. मी दर वेळी डोळे मिटायचे. आता कोर्टात जे कागद आले त्यात तिच्या पायांबद्दल होतं, पायाला जखमा, सांध्याचं दुखणं, वर्षानुवर्षं टणक जमिनीवर उभं राहून. आणि मी आठवायला लागले की तिचे पाय कसे होते. आठवेनात. सोंड आठवते, कपाळावरची रंगीत नक्षी आठवते, पापण्या आठवतात. पायांकडे मी बघितलंच नव्हतं. हे मी बाबांना सांगितलं तर ते गप्प झाले आणि मग म्हणाले, "तिला तिथं कोण वळखतंय?" याचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. दोन्ही खरं असू शकतं का? असेल. टीव्हीवर मात्र एका वेळी एकच खरं असतं, आणि ते ओरडून सांगावं लागतं.

३ ऑगस्टला, रविवारी, नांदणी ते कोल्हापूर मूक पदयात्रा निघाली, ४५ किलोमीटर. बाबा हातकणंगल्यापर्यंत चालले. कापशी घालून. नको म्हटलं होतं, गुडघे आहेत का तेवढे, पण ऐकतायत कुठे. दोन फोड आले, आईने हळद-तेल लावलं आणि फोनवर मला सांगितलं की हत्तीणीच्या पायाचं कोर्ट बघेल, ह्यांच्या पायाचं मला बघावं लागतंय. शिवाय त्या भागात गावंच्या गावं जिओची सिमं पोर्ट करत सुटली होती, वनतारा अंबानींचं म्हणून, तर बाबांनीपण केलं. सोळा सालापासूनचं सिम. आता नव्या कंपनीची रेंज आमच्या घरात मागच्या खोलीत येत नाही, पुढच्या खोलीत येत नाही, फक्त गेटजवळ तुळशीच्या कट्ट्यावर येते. तिथे उभं राहून ते गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलतात. गल्लीला माझा पगार आता माहीत आहे.

वरचे दोन-तीन पेपर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातले. दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातली होती ती ६ ऑगस्टला लोकांनी फाडली, कबुतरं परत दाण्यावर. ज्यांना माया आहे त्यांनी आमच्या बाल्कनीत येऊन एक रविवार ब्रश घेऊन बसावं, बास एवढंच. आणि ट्रम्पतात्यांनी भारतीय मालावर आधीच्या पंचवीस टक्के आयातशुल्कावर त्याच दिवशी अजून पंचवीस टाकले. इचलकरंजीला मामाचे माग आहेत, तो म्हणाला आमचं कापड कुठं अमेरिकेला जातंय, पण ज्याचं जातंय तो आता इथंच विकणार, मग आमचं कोण घेणार. पेपरात अर्धं पान होतं, मामाने दोन वाक्यांत उरकलं.

रद्दीवाले काका आले. साडेअकरा किलो, तेरा रुपयांनी. काट्यावर गठ्ठा ठेवला तर सगळ्यात वर दिव्याचा फोटो, तेवढा मी काढून घेतला, पोराच्या कपाटाला आतून लावलाय. त्याला हत्तीणीचापण हवा होता पण तो सापडेना, बहुतेक आधीच वड्यांच्या डब्याखाली घातला गेला.

मग बाबांचा फोन, कट्ट्यावरून. मुख्यमंत्र्यांनी बैठक घेतली, सरकार कोर्टात जाणार, आणि वनतारावाले म्हणतायत तिच्यासाठी नांदणीतच केंद्र उभं करू. बाबांचा आवाज एकदम हलका. "येणार म्हणत्यात बघ परत."

म्हटलं, मग आता जुन्या कंपनीत परत जाणार का?

"जायाचं म्हटलं तरी नव्वद दिवस थांबायला लागतंय," म्हणाले, "विचारून आलोय."