एक ज्यूलचा डबा

गेल्या पावसाळ्यात माझ्या बारा वर्षांच्या गाडीचे हेडलाइट सिग्नलला उभं राहिलं की मंदावायला लागले. मुंबईत मुलुंड ते अंधेरीचं सीप्झ असा माझा रोजचा रस्ता, त्यातला बराचसा वेळ जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर) पवईच्या आसपास रांगेत जातो. एसी चालू, वायपर चालू, मागच्या काचेवरची वाफ घालवणारं डिफॉगर चालू, हेडलाइट चालू आणि गाडी जागच्या जागी. ब्रेकवर पाय ठेवला की समोरच्या टेम्पोच्या पाटीवरचा उजेड पिवळा पडायचा, ॲक्सिलरेटर दाबला की परत पांढरा. शिवाय सकाळ-संध्याकाळ सेल्फ मारला की डॅशबोर्डवरचं घड्याळ बारावर जायचं. दिवसातून दोनदा गाडी मला बारा वाजवून दाखवायची.

बॅटरीवाल्याकडे गेलो. त्याने लोड टेस्टर लावला आणि बॅटरी चांगली आहे म्हणाला. दोनच वर्षांची होती, त्यामुळे मीही मान डोलावली. मग एका रविवारी कुर्ल्याला सीएसटी रोडवर सीट कव्हर बघायला गेलो असताना दुकानदाराने हा प्रश्न माझ्या तोंडून ऐकला, आणि काउंटरखालून एक निळा, पारदर्शक झाकणाचा डबा काढला. आत लाल आकडे चमकणारे. "साहेब, व्होल्टेज स्टॅबिलायझर. लाइट पांढरी, पिकअप जास्त, मायलेज दोन-तीनने वाढणार, बॅटरीचं आयुष्य दुप्पट." सोबत अर्थिंगच्या चार पिवळ्या जाड वायरी. फिटिंगसकट २२०० रुपये.

मी फसलो तो त्या नावाने. स्टॅबिलायझर म्हटलं की मला गावाकडच्या घरातला फ्रिजवरचा डबा आठवतो. संगमेश्वरला संध्याकाळी व्होल्टेज १७० वर आलं की तो 'टक्' करून आवाज करतो आणि फ्रिज चालू राहतो. त्याच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो, तो खरोखरच व्होल्टेज वर चढवतो. गाडीतही तसंच काहीतरी होत असणार असं मी धरून चाललो. गाडीतल्या बारा व्होल्टच्या डीसीवर (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर) असा साधा ट्रान्सफॉर्मर चालतच नाही, हे बारावीला शिकलो होतो, पण दुकानात कोणाला आठवतं!

पोरगा फिटिंगला बसला. त्याने दहाच्या पान्याने बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढले. निगेटिव्हवर पांढरट पावडर जमली होती, ती ब्रशने झटकली, पॉलिश पेपर मारला, डब्याच्या वायरी लावल्या, टर्मिनल परत आवळले. पिवळ्या वायरी बोनेटखाली बॉडीच्या चार बोल्टना जोडल्या. चाळीस मिनिटांत काम झालं.

आणि फरक पडला! घड्याळ बारावर जायचं थांबलं. हेडलाइट अजून मंदावायचे, पण पूर्वीइतके नाहीत. मी ऑफिसात दोघांना सांगितलं, एकाने दुकानाचा पत्ताही घेतला. मायलेजची मात्र मी वही ठेवली, कारण त्या दाव्यावर माझा विश्वास नव्हता. दर वेळी एकाच पंपावर टाकी फुल. आधीचे तीन आकडे १३.९, १४.४, १३.६. नंतरचे तीन १४.१, १३.५, १४.२. पवईत किती वेळ अडकलो यानेच आकडा याहून जास्त हलतो.

गणपतीला आम्ही कोकण रेल्वेने गावी गेलो. गाडी बारा दिवस सोसायटीत उभी. परत आल्यावर चावी फिरवली तर सेल्फने नुसता 'टिक' केला. शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप स्टार्ट करून ती तशीच मुलुंडमधल्या एका जुन्या इलेक्ट्रिशियनकाकांकडे नेली. काका कमी बोलतात. बोनेट उघडल्यावर निळा डबा बघून एवढंच म्हणाले, "हा रात्रीही चालू असतो ना?"

मग त्यांनी गाडी बंद करून बॅटरीच्या वायरीत मीटर लावला. डबा ४० मिलीअँपियर खात होता, ते लाल आकडे आणि निळी एलईडी पेटती ठेवायला. दिवसाला जवळपास एक अँपियर-अवर (बॅटरीतला साठा याच मापात मोजतात). बारा दिवसांचे बारा, त्यात गाडीचं स्वतःचं घड्याळ, लॉक वगैरेंचे पाच-सहा. बॅटरी ३५ ची आणि ती तरी पूर्ण भरलेली कुठे होती! बॅटरीचं आयुष्य दुप्पट करणारा डबाच तिला रात्रंदिवस चाटत बसला होता.

"काका, मग हेडलाइट का मंदावतात?" मी विचारलं.

उत्तर न देता त्यांनी गाडी चालू करायला सांगितली. एसी, हेडलाइट, डिफॉगर सगळं चालू. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी सरळ इंजिनच्या धातूला. आदर्श म्हणजे तिथे जवळजवळ शून्य यायला हवं, ०.२ व्होल्टपर्यंत चालतं. माझ्या गाडीत ०.८ आले. "डायनमो बरोबर देतोय, तुमच्यापर्यंत पोचत नाही," काका म्हणाले. (अल्टरनेटरला ते अजूनही डायनमोच म्हणतात.)

हे मला नीट समजायला एक चहा लागला. अल्टरनेटर, म्हणजे गाडी चालू असताना वीज तयार करणारं यंत्र, इंजिनवर बसलेला. त्याचा करंट पॉझिटिव्ह वायरने निघतो आणि परत येताना बॉडी, बॅटरीचा निगेटिव्ह आणि मग इंजिनला जोडणारी अर्थिंगची पट्टी, या वाटेने येतो. ती पट्टी गिअरबॉक्सच्या बाजूला, खाली, बरोबर पाणी उडतं तिथे. मुंबईची दमट, खारट हवा आणि बारा पावसाळे. थिंबलच्या (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपणाच्या) आत तांबं हिरवं होऊन भुगा झालं होतं. अल्टरनेटर १३.७ देत होता, बॅटरीपाशी पोचत होते १२.९. आणि हॅलोजन बल्बचं गणित निर्दयी असतं: व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो.

मग त्या चार पिवळ्या वायरी? त्या बॉडीला बॉडीशीच जोडत होत्या, तेही बॉडीवरच्या रंगाच्या थरावरून. एकही इंजिनला गेलेली नव्हती. काकांनी मीटर लावून दाखवलं, दोन बोल्टवर तर रंगामुळे संपर्कच नव्हता.

नवी पट्टी, दोन्ही टोकं घासून, वर पेट्रोलियम जेली. मजुरीसकट ४५० रुपये. परत तीच मोजणी केली तर ०.८ चे ०.०५ झाले आणि बॅटरीपाशी सगळं चालू असताना १३.६ आले. त्या रात्री पवईला पाऊस होता आणि टेम्पोची पाटी पांढरीच राहिली.

तरी एक शंका उरली होती. डबा लावल्यावर घड्याळ सुधारलं त्याचं काय? मी डबा काढून ठेवला आणि दोन आठवडे तशीच गाडी चालवली. घड्याळ एकदाही बारावर गेलं नाही. म्हणजे पहिल्या दिवशी काम केलं ते त्या पोराच्या पॉलिश पेपरने. टर्मिनलवरची पावडर गेली, सेल्फच्या वेळी होणारी व्होल्टेजची पडझड कमी झाली. श्रेय निळ्या डब्याने घेतलं, एवढंच. घरी हेच काम कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने दहा मिनिटांत होतं. आधी निगेटिव्ह काढायचा, लावताना तो शेवटी.

डबा उघडला. आत ३३०० मायक्रोफॅरडचे तीन कपॅसिटर (थोडी वीज साठवून लगेच परत देणारे भाग; त्यांची क्षमता फॅरडमध्ये मोजतात), एक आकडे दाखवणारी पट्टी, बाकी हवा. फ्यूज नाही. थेट बॅटरीवर लावलेल्या वायरला फ्यूज नाही, याची मला उशिरा भीती वाटली. ती वायर घासून बॉडीला लागली असती तर बॅटरीने विचार केला नसता. कपॅसिटरवर ८५ अंश लिहिलेलं, म्हणजे त्यांची कमाल मर्यादा तेवढी. ट्रॅफिकमध्ये बोनेटखालच्या तापात त्यांचं आयुष्य झपाट्याने खर्ची पडणार.

मी गणित करून बघितलं. तिन्ही मिळून दहा हजार मायक्रोफॅरड धरले तर १४ व्होल्टला त्यात साठते साधारण एक ज्यूल ऊर्जा. सेल्फ किलोवॉटच्या घरात खेचतो, म्हणजे हा साठा त्याला सेकंदाचा हजारावा भाग पुरेल. शेजारी बसलेल्या बॅटरीत पंधरा लाख ज्यूल आहेत. पंधरा लाखांच्या तिजोरीला आधार म्हणून खिशातला एक रुपया! व्होल्टेज सांभाळायचं काम अल्टरनेटरमधला रेग्युलेटर करतच असतो. कपॅसिटर फार तर बारीक तरंग सपाट करतात, आणि तेवढं काम बॅटरीही करते. मीटर एसी व्होल्टवर (म्हणजे वरखाली होणारं व्होल्टेज मोजायच्या खुणेवर) ठेवून तेही मोजलं. डब्याशिवाय ०.०४, डब्यासह ०.०३. माझ्या मीटरचा शेवटचा आकडा तसाही इकडेतिकडे होतो.

ज्यांच्या गाडीत मोठा ॲम्प्लिफायर आणि सबवूफर आहे, ते एक फॅरडचा कपॅसिटर लावतात. तो याच्या शंभरपट असतो आणि त्यावरही जाणकारांचे वाद आहेत. नव्या गाड्यांत तर निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो. तिथे असला डबा थेट टर्मिनलवर लावला की सेन्सरचा हिशोबच चुकतो.

डब्याचा एक उपयोग मात्र झाला, हे कबूल करतो. तो आकडा रोज डोळ्यांसमोर होता. सगळं चालू असताना १२.९ च्या वर जात नाही हे मला महिनाभर दिसत होतं, फक्त ते आजाराचं लक्षण आहे हे कळत नव्हतं. तेवढ्यासाठी लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारं व्होल्टमीटर लॅमिंग्टन रोडवर दोनशे रुपयांत मिळालं. गाडी बंद केली की तेही बंद होतं.

डबा परत घ्यायला दुकानदार तयार झाला नाही. ऑफिसातल्या ज्याने पत्ता घेतला होता, त्याने दरम्यान स्वतःच्या गाडीला तसाच डबा लावून घेतला आहे. पिकअप वाढला म्हणतो. त्याचे टर्मिनल कोणी घासले होते का, हे अजून विचारलेलं नाही.