तुम्ही विचारलंत म्हणून: आयरिश कशाला शिकते?

"तिकडे सगळे इंग्रजीच बोलतात ना, मग आयरिश कशाला शिकतेस?" नाशिकहून मावशी विचारते. आयर्लंडमधल्या गॉलवेत मी नर्स आहे, तिथल्या आयरिश मैत्रिणीही हेच विचारतात. शाळेची सगळी वर्षं सक्तीने शिकलेल्या त्या मुलींच्या प्रश्नात थोडी चीडही असते. आजवर विषय बदलत आले. आता सांगतेच.

आमच्या वॉर्डात कॉनेमाराच्या, म्हणजे गॉलवेजवळच्या आयरिश बोलणाऱ्या भागातल्या, एक आजी होत्या. जन्म आयरिशमध्ये गेलेला. डिमेन्शिया वाढला तसं नंतर शिकलेलं इंग्रजी आधी गेलं. एका रात्रपाळीत त्या एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणू लागल्या, दरवेळी वरच्या आवाजात. पाणी दिलं, नको. उशी बदलली, पॅड बदललं. मग बरं वाटावं म्हणून डाव्या कुशीवर वळवलं, तर किंचाळल्या. पाळीवर दोघी केरळच्या, एक फिलिपिन्सची, मी, आणि डब्लिनची एक मुलगी. आम्ही सगळ्यांनी त्या डब्लिनच्या मुलीकडे पाहिलं. ती लालबुंद झाली. "मला परीक्षेचे निबंध पाठ होते गं," म्हणाली, "हे नाही कळत." आजी सलाईनची नळी ओढू लागल्या तेव्हा कुणीतरी झोपेच्या औषधाचं काढलं. शेवटी पहाटे तीनला त्यांच्या मुलाला फोन लावून स्पीकरवर ठेवला. त्याने ऐकलं आणि गप्प झाला. मग म्हणाला, "डाव्या कुशीवर वळवू नका, कंबर दुखतेय, असं सांगतेय ती."

आम्ही दोन तास त्यांना डावीकडेच वळवत होतो.

आता मला सांगा, हे कोणत्या देशात घडलं? ज्याच्या १९३७ च्या राज्यघटनेतल्या आठव्या कलमात आयरिश ही राष्ट्रभाषा आणि पहिली अधिकृत भाषा आहे, इंग्रजी दुसरी. २००३ पासून अधिकृत भाषांचा कायदा आहे, भाषा आयुक्त आहेत. पहिले आयुक्त शॉन ओ कुर्रॉइन यांनी डिसेंबर २०१३ मध्ये राजीनामा जाहीर केला, तो सरकार आपलंच धोरण राबवत नाही म्हणून. २०२२ च्या जनगणनेत १८,७३,९९७ लोकांनी आयरिश येतं म्हटलं. शाळेबाहेर रोज बोलणारे ७१,९६८. भाषेचं ओझं मुलांच्या दप्तरात टाकलं आणि सरकारी खिडकीमागचा माणूस मोकळा सुटला, असं मी म्हणते तेव्हा मैत्रिणींना राग येतो. येऊ दे.

नवी आले तेव्हा रस्त्यावरच्या दोन भाषांतल्या पाट्या पाहून मीच म्हणायचे, या पैशात दोन खाटा वाढल्या असत्या. ती मी अजून माझ्याशी भांडते. खाटा कमी आहेत हे तिचं खरंच आहे. पण आजींची खाट होती, नर्सही होत्या.

भाषा कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीने ठरवलं की २०३० पर्यंत सरकारी सेवेतल्या नव्या भरतीपैकी वीस टक्के लोकांना आयरिश यावं. चांगलं आहे. पण हे वीस टक्के बसणार कुठे? डब्लिनच्या मंत्रालयात, की कॉनेमाराचे रुग्ण येतात त्या वॉर्डात रात्री तीनला? आणि उद्या नर्सना आयरिशची अट घातली, तर माझी भरतीच झाली नसती. केरळच्या त्या दोघींचीही नाही. मग त्या रात्री वॉर्डात कोण असतं? मला याचं उत्तर सापडत नाही, आणि सापडलं असं दाखवणार नाही.

मावशी म्हणते, आधी पोरांचं मराठी बघ. बघतेय, मावशी, घरी मराठीच बोलतो आम्ही. पण पगार मी या सरकारचा घेते आणि रुग्ण याच गावांतून येतात. म्हणून कुठे दुखतंय, कोणत्या कुशीवर, तहान लागलीय का, भीती वाटतेय का, एवढं आयरिश मी शिकतेय. आठवड्याचा क्लास आहे, फी माझ्याच खिशातून.