कूलरमध्ये बर्फाची लादी

मी नंदनवनला अकरावी-बारावीच्या ट्यूशनमध्ये फिजिक्स शिकवतो. मे महिन्यातली दुपारची बॅच म्हणजे काय ते नागपूरच्या माणसाला सांगायला नको, बाहेर ४३-४४ आणि वर्गात एक मोठा लोखंडी कूलर, बस. त्या दिवशी वर्गात शिरलो तर दार बंद, खिडक्या बंद, फटींमध्ये पेपर कोंबलेले आणि पोरं घामानं चिकचिक. "सर, कूलर काम नाही करून राहिला, म्हणून बर्फ आणला!" मी काही म्हणायच्या आत दोघांनी बाजूची ताटी (पाणी झिरपणारी गवताची जाळी) काढून काठोकाठ भरलेल्या टाकीत दहाएक किलोची लादी सोडली पण.

पाणी भसकन बाहेर! पहिल्या बाकाखालच्या बॅगा ओल्या, एक पोरगी बाकावर चढलेली, मागून कोणीतरी ओरडलं "युरेकाऽऽ", आणि सगळा वर्ग खिदळतोय, मीही. पण आधी मेन स्विच बंद केला, कारण लोखंडी कूलर आणि खाली पाणी, आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, तिथे गंमत नाही. मग फरशी पुसता पुसताच शिकवलं की तरंगणारा बर्फ आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारतो, म्हणजे १० किलोला १० लिटर, आणि नंतर तो वितळला तरी पातळी आणखी वाढत नाही.

"पण सर, थंड तर होईल नं?"

हा प्रश्न मला फार आवडला. १ किलो बर्फ वितळताना साधारण ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो, आणि १ किलो पाण्याची वाफ होताना जवळपास २४००. म्हणजे एक लिटर पाणी ताट्यांवरून उडालं की सात किलो बर्फाचं काम फुकटात होतं! फक्त ते उडायला पाहिजे, आणि इथेच सगळी गडबड होती.

दोन थर्मामीटर काढले, एकाच्या टोकाला ओला रुमाल गुंडाळला, रुमालातलं पाणी जितकं उडेल तितका तो खाली उतरणार. बंद वर्गात कोरडा ३१, ओला २९. तेच गच्चीच्या दारात सावलीत धरले तर कोरडा ४३ आणि ओला चक्क २४, पोरं दोनदोनदा वाचून पाहत होती. बाहेरची हवा इतकी कोरडी की पाणी ओढून घेते, आतली हवा मात्र कूलरनं आधीच ओली करून ठेवलेली, तिच्यात आणखी वाफ मावणार कुठे? एसीला बंद खोली लागते, कूलरला हवा बाहेर जायला वाट लागते, नाहीतर बाहेरची कोरडी हवा ताट्यांमधून आत येणार कशी?

कूलर तसा खिडकीतच बसवलेला होता, समोरची खिडकी तेवढी उघडायची होती. ती उघडली, स्विच चालू केला आणि सरळ झोत आरपार, टेबलावरचे टेस्ट पेपर उडाले. दहा मिनिटांत घाम वाळला.

लादी आणणाऱ्यानं विचारलं, "मग सर, पावसाळ्यात कूलर काहून चालत नाही?"

मी खडू उचलेपर्यंत बाकावर चढलेली ती पोरगीच बोलली, "अरे, तेव्हा आख्खं नागपूरच बंद खोली असते नं बे!"